खड्ड्याच्या आधी गटार: रस्त्याच्या कडेच्या वस्तूंचे आयुष्य कसे सांभाळतात?

गोव्यात खड्ड्यांची चर्चा नक्षत्र बघून सुरू होते. मिरग बरसला की आठवड्याभरात रस्त्याची चाळण होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात आणि ‘चतुर्थीपूर्वी खड्डे बुजवू’ असे आश्वासन मिळते. २०२५ साली तर पाऊस मे महिन्यातच दाखल झाला आणि मिरगाचा मुहूर्त धरून पावसाळ्यापूर्वीची कामे आखणाऱ्यांचे गणितच कोलमडले. या चर्चेत दोष बहुतेक वेळा डांबराच्या माथी मारला जातो. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु डांबराचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे, आणि ते पाणी रस्त्यावर का साचले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. साचलेले पाणी डांबर आणि खडी यांचा बंध सोडवते, चाकाच्या दाबाने भेगांत शिरते, खालचा भराव मऊ करते आणि मग एके दिवशी वरचा थर खचतो. खड्डा दिसतो तेथे असतो, पण त्याचे कारण कित्येकदा दोन हात बाजूला, तुंबलेल्या गटारात किंवा रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या, पण बुजलेल्या मोरीत असते.

या लेखाचा विषय त्या बाजूच्या वस्तू हा आहे. त्या कोणत्या, किती वर्षे टिकतात, त्यांची देखभाल कोणत्या हिशेबाने करायची आणि तो हिशेब सहसा का ठेवला जात नाही, हे येथे पाहू.

डांबराखेरीज रस्त्यात काय काय असते?

फोंड्याहून पणजीला निघालेल्या माणसाने एखादे दिवशी गाडी दुसऱ्याच्या हाती सोपवून खिडकीबाहेर नुसती मोजदाद करावी. दिशा दाखवणारे फलक, वळणाची सूचना देणारे फलक, वेगमर्यादेचे फलक, पांढरे आणि पिवळे पट्टे, रात्री चमकणारी रिफ्लेक्टरची बटणे, लोखंडी कठडे, दिव्यांचे खांब, सिग्नल, पदपथ, गटारे, गटारांवरच्या लाद्या, डोंगरउतार धरून ठेवणाऱ्या भिंती आणि खिडकीतून मुळीच न दिसणाऱ्या, रस्त्याच्या पोटातून आरपार जाणाऱ्या मोऱ्या. रस्त्याचा पृष्ठभाग आणि पूल यांना मुख्य मालमत्ता धरले, तर या उरलेल्या साऱ्या वस्तूंना अभियंते ‘दुय्यम मालमत्ता’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. जत्रेतल्या नाटकात पडदा ओढणाऱ्याला कोणी दुय्यम म्हटले, तरी पडदा अडकला की नाटक थांबतेच.

दुय्यम ठरण्याचा तोटा असा की त्या वस्तूंची नोंद उशिरा होते किंवा होतच नाही. अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे दगावली, तेव्हा देशभरातील पुलांच्या नियमित तपासणीचे नियम तयार झाले. परंतु ते वीस फुटांहून, म्हणजे सुमारे सहा मीटरहून, लांब असलेल्या बांधकामांनाच लागू झाले. त्याहून लहान मोऱ्या राज्यांच्या मर्जीवर राहिल्या. पुढे २०१२ साली तेथील कायद्याने राष्ट्रीय महामार्ग जाळ्यासाठी मालमत्ता व्यवस्थापनाचा आराखडा सक्तीचा केला, तेव्हाही सक्ती रस्त्याचा पृष्ठभाग आणि पूल यांपुरतीच होती.

आपल्याकडेही सहा मीटरपर्यंतच्या बांधकामाला मोरी, सहा ते साठ मीटरपर्यंत लहान पूल आणि त्यापुढे मोठा पूल मानण्याची पद्धत आहे. मात्र ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली, तेव्हा त्या नोंदीत मोऱ्याही घेतल्या गेल्या, ही चांगली गोष्ट झाली. नोंदवलेल्या १,७२,५१७ बांधकामांपैकी १,३४,२२९ मोऱ्याच निघाल्या. म्हणजे शंभरांतील अठ्ठ्याहत्तर. ज्या वस्तूकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते, तीच संख्येने सर्वांत जास्त आहे, हे मोजल्यावर कळले. ही मोजदाद राष्ट्रीय महामार्गांवरची आहे, हे ध्यानात ठेवावे. वाड्यावाड्यांतून जाणाऱ्या रस्त्यांखालच्या मोऱ्या त्या यादीत नाहीत.

आयुष्यचक्र म्हणजे घराची शाकारणी

‘आयुष्यचक्र व्यवस्थापन’ हा शब्द कानाला जड वाटतो, पण कौलारू घरात वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मे महिन्यात कौले उतरवून साफ करायची, फुटलेली बदलायची, रीप कुजली आहे का ते पाहायचे, वळचणीचे पाणी घराच्या पायापासून दूर जाते की नाही हे तपासायचे. हे दरवर्षी केले तर वासे दोन पिढ्या टिकतात. चार वर्षे टाळले तर एक फुटके कौल वासा कुजवते, वासा आढ्याला घेऊन बसतो, आणि कौलाच्या किमतीचे काम सुताराच्या मजुरीवर जाते. वस्तू बसवण्यापासून ती काढून टाकेपर्यंत तिच्यावर होणारा सगळा खर्च आणि तिच्याकडून मिळणारे सगळे काम एकत्र धरून निर्णय घेणे, एवढाच या शब्दाचा अर्थ आहे.

यातील हिशेबाचा भाग एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका फलकाची किंमत चार हजार रुपये असून तो पाच वर्षे टिकतो, आणि दुसऱ्याची सहा हजार असून तो दहा वर्षे टिकतो. दोन्ही बसवायला दर खेपेस माणसे, गाडी आणि वाहतूक वळवण्याची व्यवस्था मिळून दोन हजार लागतात. वीस वर्षांत पहिला चार वेळा बसवावा लागेल, खर्च चोवीस हजार. दुसरा दोन वेळा बसवावा लागेल, खर्च सोळा हजार. आज हातातून जाणारा रुपया दहा वर्षांनी जाणाऱ्या रुपयापेक्षा भारी असतो, हे धरून हिशेब थोडा सुधारावा लागतो. तरीही ‘स्वस्त’ फलक महागच पडतो. निविदेच्या कागदावर मात्र चार हजारांचा आकडाच दिसतो.

केव्हा बदलायचे, हे ठरवण्याचे तीन मार्ग

घरात आपण हे तिन्ही मार्ग वापरतो, फक्त त्यांना नावे देत नाही. स्वयंपाकघरातला दिवा गेला की बदलतो; तो जाण्यापूर्वी कोणी बदलत नाही, कारण तो गेल्याने फारसे काही बिघडत नाही. गॅसची रबरी नळी मात्र वरून चांगली दिसत असली तरी मुदत संपली की बदलायची असते, कारण ती फाटण्याची वाट पाहणे परवडत नाही आणि आतून ती किती झिजली हे वरून कळत नाही. स्कूटरचा टायर आपण ना तारखेवर बदलतो, ना फुटेपर्यंत थांबतो. नक्षी किती झिजली हे पाहून बदलतो.

रस्त्याकडेच्या वस्तूंनाही हेच तीन न्याय लागू होतात: बिघडेपर्यंत वापरणे, मुदतीनुसार बदलणे आणि अवस्था पाहून बदलणे. कोणत्या वस्तूला कोणता न्याय लावायचा, हे दोन प्रश्नांवर ठरते. ती निकामी झाली तर काय घडेल? आणि ती निकामी होत चालली आहे, हे आधी कळते का? सगळ्याच वस्तूंना पहिला न्याय लावणे ही आपली सवय आहे, आणि माझ्या मते सगळे दुखणे तेथेच आहे. गावातल्या गल्लीतील दिव्याला तो चालतो. मोरीला तो लावला की रस्ताच वाहून जातो.

मोरी: दिसत नाही म्हणून सर्वांत धोक्याची

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. डोंगरावरून उतरणारा प्रत्येक व्हाळ कोठे ना कोठे रस्ता ओलांडतो, आणि तेथे मोरी असते. जुन्या मोऱ्या जांभ्या दगडाच्या असतात, नंतरच्या काँक्रीटच्या नळांच्या किंवा चौकोनी पेटीच्या.

मोरीत गाळ साचला की तिची क्षमता आपल्याला वाटते त्याहून वेगाने घटते. गोल नळ तळापासून पाव उंचीपर्यंत गाळाने भरला, तर उरलेल्या भागातून पूर्वीच्या जेमतेम बहात्तर-त्र्याहत्तर टक्के पाणी जाऊ शकते. निम्म्या उंचीपर्यंत भरला तर निम्मे नव्हे, एक-तृतीयांशाच्या थोडेसेच वर; कारण जागा तर कमी होतेच, शिवाय पाण्याला घासण्यासाठी गाळाचा सपाट पृष्ठभागही मिळतो. उलट बाजूने, नळाचा व्यास सहाशे मिलिमीटरवरून नऊशेवर नेला, म्हणजे दीडपट केला, तर वाहून नेण्याची क्षमता जवळजवळ तिप्पट होते. नवी मोरी बांधताना थोडा मोठा नळ घालणे किती स्वस्त पडते, हे या एका गणितावरून कळावे.

गाळापेक्षाही धूर्त शत्रू म्हणजे सांध्यातून होणारी गळती. काँक्रीटच्या नळांचे तुकडे एकमेकांना जोडून मोरी बनते. सांधा सुटला की नळाभोवतालची माती पाण्याबरोबर कणाकणाने नळात ओढली जाते आणि वाहून जाते. डांबराखाली पोकळी तयार होते, पण वरचा थर काही काळ कमानीसारखा तग धरतो. या काळात बाहेर दिसणारी खूण एकच असते: रस्त्याला आडवा, नळाच्या रेषेत पडलेला हलकासा खोलगट पट्टा. स्कूटरवरून जाताना तो नेमका मणक्याला कळतो. आपल्याकडे तेथे वरून डांबराचा एक थर टाकतात. खोलगटपणा भरतो, खालची पोकळी तशीच राहते आणि तिच्यावर वजन मात्र वाढते. दोन-तीन पावसाळ्यांत तोच पट्टा पुन्हा खोल झाला, तर नळात विजेरी घालून पाहण्याची वेळ आली आहे असे समजावे.

खाजन भागात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीत, आणखी एक गोष्ट घडते. भरतीचे पाणी मोरीच्या तोंडापर्यंत चढलेले असताना मुसळधार पाऊस आला, तर पाण्याला जायला वाटच नसते. मोरी कितीही स्वच्छ असली तरी ते रस्त्यावरून जाते. अशा ठिकाणी मोरीची तपासणी ओहोटीच्या वेळी करून भागत नाही, भरतीच्या वेळीही तेथे जाऊन उभे राहावे लागते. तपासणी महाग नाही. दोन माणसे, एक विजेरी, एक मोजपट्टी आणि गमबूट एवढ्यावर ती होते. पावसापूर्वी एकदा गाळासाठी आणि पावसानंतर एकदा, पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी जमीन किती खरवडली गेली हे पाहण्यासाठी.

खारी हवा आणि जस्ताची वही

वळणावरचे लोखंडी कठडे चंदेरी दिसतात ते जस्ताच्या मुलाम्यामुळे. जस्त हे लोखंडाऐवजी स्वतः झिजते. म्हणजे मुलामा ही एक शिल्लक आहे, आणि हवा दरवर्षी त्यातून काही काढून घेते. किती काढते, हे हवेवर अवलंबून असते. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे गंजकारकतेनुसार वर्ग केले आहेत. मध्यम वर्गाच्या हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजते, तर अति तीव्र वर्गाच्या खाऱ्या हवेत ४.२ ते ८.४ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सत्तर मायक्रॉनचा मुलामा धरला, तर पहिल्या हवेत तो तेहतीस वर्षांहून अधिक टिकेल आणि दुसऱ्या हवेत आठ ते सतरा वर्षांत संपेल. किनाऱ्यालगतचा कठडा आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा कठडा एकाच दिवशी, एकाच कंत्राटात बसवले, तरी त्यांची बदलण्याची तारीख एक असू शकत नाही. राज्य लहान असले म्हणून हवा सगळीकडे सारखी नसते.

खारी हवा काय करते, हे गोव्याला शिकवण्याची गरज नाही. १९७० साली वाहतुकीला खुला झालेला मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता, आणि काँक्रीटच्या आतील ताणलेल्या पोलादी तारांचा गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. पुलाची आठवण राहते. कठडा गंजून गेल्याची आठवण फक्त त्यावर जाऊन आदळलेल्या माणसाच्या घरात राहते.

कठड्याचे आयुष्य संपवणारे दुसरे कारण विलक्षण आहे: रस्त्याची दुरुस्ती. कठडा एका ठराविक उंचीवर असेल तरच तो गाडीला अडवून पुन्हा रस्त्यावर वळवतो. रस्त्यावर चाळीस-पन्नास मिलिमीटरचा नवा थर तीन वेळा चढला, की रस्ता बारा ते पंधरा सेंटिमीटरने उंच होतो आणि कठडा तेवढाच बुटका. तो गंजलेला नाही, वाकलेला नाही, दिसायला ठणठणीत आहे. पण वेगात आलेली उंच गाडी त्यावरून पलीकडे जाऊ शकते. हेच गटारांच्या बाबतीतही होते. रस्ता वर चढतो, त्याबरोबर कडेची मातीही रस्त्याहून उंच चढवली जाते आणि पावसाचे पाणी गटारात उतरायचे सोडून रस्त्यावरूनच वाहत जाते. मुख्य मालमत्तेवर खर्च केलेला पैसा दुय्यम मालमत्तेला निकामी करतो, आणि नंतर दुय्यम मालमत्ता मुख्य मालमत्तेला.

दिवसा जिवंत, रात्री मेलेले: फलक आणि पट्टे

फलकाच्या पृष्ठभागावर जी पातळ फिल्म असते, ती गाडीच्या दिव्याचा प्रकाश आरशासारखा भलतीकडे न फेकता आला त्याच दिशेने परत पाठवते. अंधारात मांजराचे डोळे चमकतात तसे. हा गुण उन्हाने आणि पावसाने हळूहळू जातो. चांगल्या प्रतीच्या फिल्मवर उत्पादक साधारणतः सात ते दहा वर्षांची हमी देतात. गंमत अशी की हा गुण गेल्यावरही दिवसा फलक उत्तम दिसतो, त्यामुळे कार्यालयीन वेळेत फिरून केलेल्या पाहणीत तो उत्तीर्ण होतो.

अमेरिकेत २००८ पासून लागू झालेल्या नियमात फलकांच्या रात्रीच्या चमकेसाठी किमान मर्यादा ठरवल्या असून, त्या सांभाळण्याचे काही मान्य मार्ग दिले आहेत. प्रशिक्षित माणसाने रात्री गाडीतून फिरून पाहणे, उपकरणाने चमक मोजणे, फलकाच्या वयावरून बदलणे, एखाद्या मार्गावरचे सगळे फलक ठराविक काळाने एकदम बदलणे, किंवा काही नमुना फलकांवर लक्ष ठेवून त्यांच्यावरून इतरांचा अंदाज बांधणे. यांपैकी वयाचा मार्ग आपल्याला सर्वांत सोयीचा वाटतो. त्याला लागतो फलकाच्या पाठीमागे चिकटवलेला एक लहानसा कागद, ज्यावर बसवल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेले असेल. शेकडो फलकांच्या पाठी मी कुतूहलाने पाहिल्या आहेत; तेथे बहुधा एखाद्या शिकवणीची जाहिरात असते.

आपल्या हवेत फलकाचे आणखी एक दुखणे आहे, ते म्हणजे वनस्पती. माझ्या गावाकडच्या वळणावरचा वेगमर्यादेचा फलक जुलैपासून दिवाळीपर्यंत रानवेलीच्या स्वाधीन असतो. फलक नवा आहे, फिल्म उत्तम आहे, यादीत अवस्था ‘चांगली’ अशीच लिहिली जाईल. वर्षातले चार महिने न दिसणाऱ्या फलकाची अवस्था चांगली म्हणावी काय?

पट्ट्यांचे थोडक्यात सांगतो. थर्मोप्लास्टिक पट्टा म्हणजे तापवून पातळ केलेल्या राळयुक्त रंगाचा साधारण अडीच मिलिमीटरचा थर, ज्यावर काचेचे बारीक मणी पेरतात. रात्रीची चमक त्या मण्यांची असते. चाकांखाली मणी उखडले की पट्टा पांढरा राहतो पण अंधारात दिसत नाही, आणि पावसात मण्यांवर पाण्याचा पापुद्रा चढला की नवा पट्टाही मंदावतो. म्हणून पट्ट्यांचे आयुष्य वर्षांत मोजण्यापेक्षा वाहनांच्या संख्येत मोजणे अधिक खरे.

दिव्यांचा सोपा हिशेब

एलईडी दिव्याचे आयुष्य पन्नास हजार तास असे सांगतात. रात्री बारा तास जळणारा दिवा वर्षाला ४,३८० तास जळतो, म्हणजे अकरा वर्षांहून थोडे अधिक. परंतु तो आकडा प्रकाश देणाऱ्या चिपचा आहे. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर दमटपणाने आणि विजांच्या झटक्यांनी पुष्कळ आधी मरतो. गल्लीत दिवा गेल्यावर बदलला तरी चालेल. तिठ्यावर, पादचारी ओलांडतात तेथे आणि घाटाच्या वळणावर मात्र मुदतीचा न्याय लावावा.

‘पण हे काम नक्की कोणाचे?’

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर गुंतागुंतीचे आहे. एकाच शंभर मीटरच्या पट्ट्यात रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा, दिवे वीज खात्याचे, गटार उपसणे पंचायतीकडे किंवा पालिकेकडे आणि गटार ज्या व्हाळात पडते तो जलस्रोत खात्याच्या अखत्यारीत, अशी वाटणी आढळते. गोव्यात १९१ पंचायती आहेत. प्रत्येकीच्या हद्दीवर कोठे तरी एक मोरी अशी असणारच, जिच्या एका तोंडावर एका गावाचे नाव आहे आणि दुसऱ्या तोंडावर दुसऱ्याचे.

यावर सगळे एका खात्याकडे सोपवा, असा उपाय सुचवला जातो. मला तो अनावश्यक वाटतो. मालक अनेक असले तरी चालतील. नोंदवही एक असली पाहिजे, आणि तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे मालकाचे नाव लिहिलेले असले पाहिजे. नाव लिहिलेले नसेल तर बिघाडानंतर पहिले दोन महिने ते शोधण्यातच जातात.

‘कंत्राटदाराची हमी असतेच की’

असते, पण ती कशाची असते हे पाहावे. दोष दायित्व कालावधी म्हणजे काम पूर्ण झाल्यानंतर ठरावीक वर्षांत बांधकामातील दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची अट. ती खराब कामाविरुद्ध आहे, वयाविरुद्ध नाही. तुंबलेली मोरी, वेलीने झाकलेला फलक, थर चढल्याने बुटका झालेला कठडा यांतले काहीच ‘बांधकामातील दोष’ या व्याख्येत बसत नाही. शिवाय हमी मागायची तर वस्तू केव्हा बसवली, हे सिद्ध करावे लागते. सात वर्षांची हमी असलेला फलक पाचव्या वर्षी फिका पडला आणि बसवल्याची तारीख कोणाकडेच नसेल, तर ती हमी कागदावरच संपते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे कोणाला मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरणाला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार नाही. पण ‘देखभाल’ हा शब्द कायद्यात आला आहे, आणि देखभाल केली होती हे दाखवायला नोंदच लागते. नोंदवही म्हणजे अभियंत्यावरची पाळत असे काहींना वाटते; खरे तर प्रामाणिक अभियंत्याचा तो सर्वांत चांगला बचाव आहे.

‘मोजण्यातच पैसे संपतील’

सगळे एकदम मोजायला गेलो तर संपतील, हे मान्य. प्रत्येक फलकाचे स्थान, छायाचित्र, उंची, खांबाचा प्रकार अशी पन्नास रकाने असलेली यादी तयार करण्याचा मोह टाळावा. अशा याद्या पहिल्या वर्षी भरल्या जातात आणि दुसऱ्या वर्षी कोणी उघडत नाही. गाडीवर कॅमेरे आणि लेझर बसवून मैलोन्‌मैल रस्ता टिपण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे आणि फलक, खांब, कठडे यांसाठी ते उत्तम आहे; पण कॅमेरा मोरीत वाकून पाहत नाही. सुरुवात मोऱ्यांपासून आणि डोंगरउताराच्या भिंतींपासून करावी, कारण त्या गेल्या तर रस्ता जातो. त्यानंतर उंच भरावावरचे आणि नदीकाठचे कठडे. त्यानंतर वळणांवरचे आणि तिठ्यांवरचे फलक. दिशादर्शक फलक शेवटी आले तरी चालतील. माणसे रस्ता चुकली तर विचारून घेतील.

स्थान टिपायला आज कोणताही मोबाईल पुरतो. अवस्था ठरवायला चांगली, बरी, वाईट आणि तातडीची, एवढ्या चार पायऱ्या पुरे. दोन वेगवेगळ्या माणसांनी पाहिले तरी उत्तर एकच यावे, इतपत त्या पायऱ्यांची व्याख्या मात्र स्पष्ट हवी.

‘पूर्वी कुठे नोंदी होत्या, तरी टिकलेच ना?’

पणजीहून रायबंदरला जाणारा जुना पूल या आक्षेपात नेहमी पुढे केला जातो. १६३३-३४ मध्ये बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, पोंत द लिन्हारिस या नावाने ओळखला जाणारा तो बांधवजा जांभ्याचा मार्ग अजून वाहतूक पेलतो, मग आजचे का टिकत नाही, असे विचारले जाते. एक तर जे टिकले तेच आपल्याला दिसते. वाहून गेलेल्या सांकवांची मोजदाद कोणाकडे नाही. दुसरे म्हणजे दगडाच्या त्या बांधकामात गंजणारे पोलाद नाही.

आणि पूर्वी नोंदी नव्हत्या, हे तर गोव्यात बसून म्हणूच नये. खाजनातले बांध आणि मानशींची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटांची, दारे शतकानुशतके खारे पाणी शेताबाहेर ठेवत आली, ती गावकारीच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, व्यवस्थेमुळे. बांधावर कोणी लक्ष ठेवायचे, खर्च कोठून करायचा, हे तेथे ठरलेले असे, आणि गावकारीचे ठराव व जमाखर्च लिहून ठेवले जात. बांधाला खेकड्याने पाडलेले भोक त्याच दिवशी बुजवायचे असते, कारण पुढच्या मोठ्या भरतीला त्याचे खिंडार होते, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक होते. आयुष्यचक्र हा शब्द त्याने ऐकला नव्हता, एवढेच.

मोरीच्या नोंदीत तरी काय लिहायचे असते? क्रमांक, जागा, मालक, नळाचा व्यास, बांधल्याचे वर्ष. वर्ष माहीत नसेल तर गावातल्या जाणत्याला विचारून अंदाजे. मग मे महिन्यात गाळ किती, ऑक्टोबरमध्ये तोंडाशी खरवड किती, वरच्या रस्त्यावर खोलगट पट्टा आहे की नाही, आणि पाहणाऱ्याची सही. पहिल्या वर्षी या ओळीचा काही उपयोग होत नाही. तिसऱ्या वर्षी त्याच रकान्यात तीन आकडे एकाखाली एक येतात, आणि कोणत्या मोरीला या मेमध्ये हात लावायचा आणि कोणती आणखी दोन पावसाळे थांबेल, हे ती वही उघडून बसलेल्या कनिष्ठ अभियंत्याला कोणी सांगावे लागत नाही.